दहाची फेरी

पैसे आठ जणांचे भरलेले.
आला एकटा.

तोही नवरीच्या झग्यात. नायलॉनचा,
मांडीवर बिअर सांडून सुकलेली,
एक बाही रात्रीच कुठल्याशा बारला वाहिलेली,
पायात मात्र स्वतःचे, कामाचे, जाड बूट.
"बाकीचे?"
त्याने दोन्ही हात जुळवून गालाखाली धरले.
मग म्हणाला, पुढच्या शनिवारी माझं लग्न आहे.
म्हटलं, अंदाज आलाच होता.

डॅरिल. ग्रिम्झबीचा. माशांच्या शीतगृहात कामाला.
मी बोगुमिला, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून
आता व्रोत्स्वाफ दाखवते, तासाच्या हिशेबाने.

चौकातल्या पितळी बुटक्यांपैकी एकाचं डोकं त्याने चोळलं,
बहुधा स्वतःचं दुखत होतं म्हणून.
पुलावर अर्धी बाटली पाणी प्यायला,
उरलेली मानेवर ओतली.
कॅथेड्रलच्या दारात एका ननने त्याच्याकडे पाहिलं,
मग झग्याकडे, मग माझ्याकडे,
आणि दार जरा जास्तच उघडं धरलं.

आत मी माझं नेहमीचं सांगितलं, पाठ झालेलं:
युद्धाआधी हे शहर जर्मन होतं.
मग नकाशा सरकला, त्याच्यामागून माणसं.
माझी आई ल्वूफहून आली, गुरांच्या डब्यातून,
आणि जे घर वाट्याला आलं
त्यात टेबल मांडलेलं होतं.
बशीत सूप. सुपात चमचा.
इथे मी थांबते. इथे लोक उसासा टाकतात.

डॅरिल म्हणाला, "सूप कुणी प्यायलं?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"आईने," मी म्हटलं. "सहा वर्षांची होती. भूक होती.
मार खाल्ला तिने त्यासाठी.
मग उरलेलं आजोबांनी संपवलं."

तो बाकावर बसला. झगा वेफरच्या पाकिटासारखा वाजला.
मग बोलू लागला, घशात अजून रात्र अडकलेली:
शोनाला मुलगा आहे, आधीचा. सात वर्षांचा.
घर त्या माणसाने रंगवलेलं.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
पोराची उंची, तारखा, त्याच्या अक्षरात,
चौथ्या वाढदिवसापर्यंत.
वर नुसतं लाकूड.
लग्नानंतर रंग मी काढणार आहे.
"त्यावरून ब्रश फिरवू का?"

मी गाइड आहे, पाद्री नाही.
मी म्हटलं, त्या घरात एक डबा होता,
चिनी मातीचा, त्यावर निळ्या जर्मन अक्षरांत 'पीठ'.
आई त्यात साखर ठेवायची.
मीही ठेवते.
पाहुणे फसतात, आम्ही नाही.

साखरेला तुमच्यात काय म्हणतात, त्याने विचारलं.
त्सुकिएर.
त्याने तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळं.

बाराला नदीकाठी बाकीचे सात उगवले,
गॉगल लावून, उन्हाला शिव्या देत,
आणि नवरीला खांद्यावर टाकून घेऊन गेले.
कंपनीच्या कागदावर 'हजर'पुढे मी लिहिलं: एक.

रात्री भाचीकडून परतताना
ट्राम सिग्नलला थांबली, बारच्या अगदी समोर.
बाहेरच्या टेबलावर तो उभा. आता दुसरीही बाही नाही.
मला ओळखलं की नाही, देव जाणे.
ट्रामकडे ग्लास उंचावून ओरडला,
"त्सुकर!"
आणि त्या सातांनी, काहीएक न कळता,
जणू या देशात पिताना असंच म्हणायचं असतं,
काचा थरथरतील अशा आवाजात:
त्सुकर! त्सुकर!